फ्लोरेन्समधील पहिला आठवडा : आधी कागदपत्रे, की आधी शहर?

उत्तरेश्वरची_लेक
सर्वांना नमस्कार. मी मूळची कोल्हापूरच्या उत्तरेश्वर पेठेतील असून वास्तुकलेच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी गेल्या गुरुवारी फ्लोरेन्सला आले आहे. वर्ग सुरू व्हायला अजून बारा दिवस आहेत. आज सहावा दिवस आहे आणि एवढ्या दिवसांत मी एकही प्रसिद्ध वास्तू आतून पाहिलेली नाही. मी फक्त रांगांमध्ये उभी राहिले आहे आणि रस्ते चुकले आहे.

पहिल्या रात्रीचीच गोष्ट सांगते. घराचा क्रमांक ६२ होता. मोठी बॅग दगडी फरशीवरून खडखडवत नेत मी ६२ क्रमांकाच्या दारापाशी पोहोचले, तर ते कुलपे दुरुस्त करणाऱ्याचे बंद दुकान होते. मागे-पुढे पाहिले तर शेजारी ६० आणि ६४ व्यवस्थित होते, म्हणजे रस्ताही बरोबर आणि क्रमांकही बरोबर, मात्र घर नाही. अर्ध्या तासाने कुत्र्याला फिरवायला निघालेल्या एका आजींनी भिंतीवरच्या आकड्याच्या रंगाकडे बोट दाखवले. या शहरात दुकानांचे आकडे लाल असतात आणि राहत्या घरांचे निळे किंवा काळे असतात, आणि दोन्ही रांगा एकाच रस्त्यावर आपापल्या हिशेबाने स्वतंत्र धावतात. माझे निळे ६२ तिथून आणखी बरेच पुढे होते.

आता प्रश्न असा आहे. माझ्यासोबत राहणारी मुलगी म्हणते की निवासाचा परवाना, कर क्रमांक, बँक ही कामे उरकल्याशिवाय फिरायला जाऊ नये. माझे मन म्हणते की हे मोकळे दिवस पुन्हा मिळणार नाहीत. शिवाय निघताना आजोबांनी अंबाबाईच्या कुंकवाची डबी हातात देऊन सांगितले आहे की, आपल्या छत्रपतींची समाधी त्या गावात आहे, तिथे आधी जा आणि मग बाकीचे पाहा. ते रोज फोनवर विचारतात आणि मी रोज 'उद्या' म्हणते. युरोपात शिकलेल्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

कागद_आधी
मी तुरिनमध्ये दोन वर्षे शिकलो आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. आधी कागदपत्रे. इटलीत पाऊल टाकल्यापासून कामकाजाच्या आठ दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज करावा लागतो आणि तुझे त्यातले चार दिवस संपलेले आहेत. अर्जाचा लिफाफा टपाल कार्यालयात विनामूल्य मिळतो आणि भरून तिथेच द्यायचा असतो. सोबत सोळा युरोंचे मुद्रांक तिकीट लागते. ते टपालात मिळत नाही, पांढऱ्या 'टी' अक्षराची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानात मिळते. पहिल्या दिवशी मला हे कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे मी दोन तासांची रांग पूर्ण करून खिडकीवरून परत फिरलो होतो.

तिथल्या मुख्य चर्चचा डोम गेली सहाशे वर्षे तिथे उभा आहे. आणखी एक आठवडा थांबेल.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
पानपट्टीवर सरकारी मुद्रांक मिळतो, हे वाचून मला त्या देशाविषयी एकदम आपुलकी वाटू लागली आहे.

घरांच्या क्रमांकांविषयी सांगायचे तर आमच्या राजारामपुरीत नुसत्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, तरी पाहुणा पाचवीऐवजी आठवीत येऊन चहा पिऊन जातो. रंग दिले असते तर जेवूनच गेला असता. आणि हो, ज्या राजाराम महाराजांच्या नावाने आमची पुरी वसली, त्यांच्याच समाधीला तू जाणार असशील तर आमच्या गल्लीतर्फेही नमस्कार सांग.

ब्रह्मपुरी_टेकडी
वरील प्रतिसादात एक दुरुस्ती करणे शिक्षक म्हणून मला भाग आहे. राजारामपुरीचे नाव शाहू महाराजांचे पुत्र राजाराम महाराज यांच्यावरून आले आहे, ज्यांची कारकीर्द १९२२ ते १९४० अशी होती. फ्लोरेन्समध्ये ज्यांची समाधी आहे ते दुसरे राजाराम महाराज त्यांच्या पुष्कळ आधीचे. ते १८६६ साली गादीवर आले, १८७० साली इंग्लंडच्या प्रवासाला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लोरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते.

अंत्यसंस्कार हिंदू रीतीने नदीच्या संगमावर व्हावेत असे सोबतच्या मंडळींनी ठरवले. तिथे दहनाची चाल नव्हती, तरीही नगरपालिकेने विशेष परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या दोन नद्या जिथे मिळतात, त्या काशिने नावाच्या मोठ्या उद्यानाच्या पश्चिम टोकाला दहन झाले. आपल्याकडे प्रयाग चिखलीला नद्या एकत्र येतात ते ज्याने पाहिले आहे, त्याला परक्या मुलखात त्या मंडळींची नजर आधी संगमाकडे का गेली असेल ते सांगावे लागत नाही. पुढे १८७४ साली तिथे छत्री आणि तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा उभा राहिला. पुतळा चार्ल्स फ्रान्सिस फुलर या शिल्पकाराने घडवला आणि छत्रीची आखणी मेजर चार्ल्स मँट यांनी केली.

उत्तरेश्वरच्या लेकीने मँट हे नाव विसरू नये, कारण ती वास्तुकला शिकते आहे. आपला टाउन हॉल आणि नवा राजवाडा हे दोन्ही त्यांचेच काम.

रस्सा_वाढा
इतिहास महत्त्वाचा आहेच, परंतु मुलगी जेवते काय याविषयी कोणीच विचारलेले नाही.

उत्तरेश्वरची_लेक
@रस्सा_वाढा काका, विचारल्याबद्दल आभार. हा विषय दुःखाचा आहे. पहिल्या सकाळी कोपऱ्यावरच्या बेकरीतून मोठा पाव आणला आणि पहिला घास घेतल्यावर वाटले की करणारा मीठ घालायला विसरला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बेकरीतून आणला, तोही तसाच. मग कळले की टस्कनीचा पाव मुळातच बिनमिठाचा असतो आणि इथल्या लोकांना त्याचा अभिमान आहे. खारवलेले मांस आणि चीज यांच्यासोबत खायचा म्हणून तो अळणी ठेवतात, असे शेजारीण सांगते. मी त्याच्यावर तेल आणि आईने दिलेली कांदा-लसणाची चटणी लावून खाते. सोबत राहणाऱ्या मुलीने चाखून पाहिली आणि नंतर बराच वेळ ती नळापाशी उभी होती.

@ब्रह्मपुरी_टेकडी सर, मँट यांच्याविषयी मला खरोखरच माहीत नव्हते. टाउन हॉलच्या बागेत माझे अर्धे बालपण गेले आहे.

मिलानोतला_मंगळवारपेठी
'कागद आधी' यांच्या मताचा आदर राखून मी नेमका उलटा सल्ला देणार आहे.

मिलानमध्ये मी सव्वादोन वर्षे काढली. लिओनार्डोचे 'अंतिम भोजन' हे भित्तिचित्र माझ्या खोलीपासून ट्रामने वीस मिनिटांवर होते. ते पाहण्यासाठी आधी वेळ राखून ठेवावी लागते आणि आत जेमतेम पंधरा मिनिटे थांबू देतात. पहिल्या आठवड्यात मी म्हटले की आधी परवाना होऊ दे. परवाना झाल्यावर परीक्षा आली, परीक्षेनंतर रात्रीचे काम लागले, आणि शेवटी मी ते चित्र न पाहताच विमानात बसलो. घरी आल्यावर माझ्या मामांनी, जे आयुष्यात सांगलीच्या पलीकडे क्वचितच गेले आहेत, पहिला प्रश्न तोच विचारला.

माझे म्हणणे असे की पहिल्या आठ-दहा दिवसांत डोळे जसे उघडे असतात तसे पुन्हा राहत नाहीत. लाल आणि निळ्या आकड्यांचे आज तिला नवल वाटते आहे, डिसेंबरपर्यंत ते तिला दिसणारही नाहीत. घर ते कॉलेज, कॉलेज ते दुकान, एवढाच रस्ता शहर म्हणून उरतो. कोल्हापुरात तरी आपण काय करतो? महालक्ष्मीच्या देवळाला रोज बाहेरून हात जोडतो, पण किरणोत्सव कितीजणांनी गाभाऱ्यासमोर उभे राहून पाहिला आहे?

कागद_आधी
परवान्याची मुदत चुकली तर ती डोळे उघडे ठेवून तिकडच्या पोलिसांच्या कार्यालयात बसेल. बाकी मामांचा मुद्दा मान्य.

जुना_टपाली
मी टपाल खात्यात पस्तीस वर्षे खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो आहे, त्यामुळे या धाग्यावर मत देण्याचा मला थोडा अधिकार आहे असे मी समजतो.

आपण सगळे रांग आणि शहर या दोन वेगळ्या गोष्टी धरून चाललो आहोत, आणि ते मला पटत नाही. माणूस गावात नवा आला की तो आधी टपालात येतो, हे मी रोज पाहिले. कोणी मनिऑर्डर करायला येई, कोणी पत्ता विचारायला. मी त्याला वाट सांगत असे ती अशी की, बिंदू चौकातून न जाता पापाच्या तिकटीवरून जा, म्हणजे चप्पल लाइनही पाहून होईल. आमच्या खिडकीवरून गाव सुरू होत असे. तेव्हा मुलीने त्या लिफाफ्यासाठी जवळचे टपाल कार्यालय न निवडता जरा लांबचे निवडावे, जाताना एका पुलावरून जावे आणि येताना दुसऱ्या. दोन्ही कामे होतील.

एक व्यावहारिक सूचना. अर्जाच्या प्रत्येक पानाची छायाप्रत आधीच काढून ठेव. खिडकीवरचा माणूस कोणत्याही देशाचा असो, नीट लावलेले कागद पाहिले की त्याचा चेहरा बदलतो.

पंचगंगा_त्रेचाळीस_फूट
टपाली काकांच्या पुलाच्या सूचनेत माझी भर. जुना पूल, ज्याला ते पोन्ते वेक्क्यो म्हणतात, तो १३४५ सालचा आहे आणि १९४४ साली माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील तेवढाच एक पूल शिल्लक ठेवला, बाकीचे सगळे उडवले. त्यामुळे आज ज्या बाकीच्या पुलांवरून तू जाशील ते सगळे युद्धानंतर पुन्हा बांधलेले असतील.

पण मी लिहायला घेतले ते वेगळ्याच कारणासाठी. चालताना भिंतींवर, डोक्याच्या बऱ्याच वर, छोट्या संगमरवरी पाट्या शोध. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नोचे पाणी तिथपर्यंत चढले होते. सांता क्रोचे या चर्चच्या परिसरात ते सहा मीटरच्याही वर गेले होते. हजारो पुस्तके आणि चित्रे चिखलात गेली, आणि देशोदेशीचे तरुण विद्यार्थी येऊन तो चिखल उपसत होते, म्हणून लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणू लागले.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेले की आपल्याकडे इशारा असतो आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पहिल्या मजल्याच्या जिन्यापर्यंत पाणी होते. तो डाग मी रंगवू दिलेला नाही, पण आमच्या गल्लीत तसा डाग ठेवणारा मी एकटाच आहे. बाकी सर्वांनी दिवाळीच्या आत रंग दिला. तिकडे त्यांनी पाण्याची खूण दगडात कोरून ठेवली. यावर वास्तुकलेची विद्यार्थिनी काय म्हणते ते मला ऐकायचे आहे.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
टेकडी सरांची दुरुस्ती मान्य. गल्लीतर्फेचा नमस्कार मात्र मागे घेत नाही.

आणि समाधी असलेल्या उद्यानाचे नाव काशिने आहे हे आमच्या आजीला सांगितले, तर ती म्हणाली, "म्हणजे महाराजांना शेवटी काशीच लाभली की." यापुढे मी काही बोललो नाही.

एका_मुलीची_आई
माझी मुलगी सध्या पोलंडमध्ये शिकते, त्यामुळे काळजीपोटी लिहिते. उद्यान मोठे आहे आणि समाधी त्याच्या अगदी टोकाला आहे असे वाचले, तेव्हा तिथे दिवसाउजेडी जा, शक्यतो सोबत घेऊन जा आणि अंधार पडायच्या आत परत ये. काशिनेत रात्री एकटे फिरू नये असे तिकडचे लोकही सांगतात. मंगळवारी सकाळी तिथे मोठा बाजार भरतो, त्या दिवशी गर्दी असते. मुलीने पहिल्या आठवड्यात मला सगळे सांगितले होते, दुसऱ्या आठवड्यात निम्मे सांगितले, आणि आता फक्त हवामान सांगते. तुमच्या आजोबांना 'उद्या' म्हणू नका, जे झाले असेल ते सांगा.

ब्रह्मपुरी_टेकडी
मागच्या प्रतिसादात एक गोष्ट राहून गेली, आणि ती मूळ प्रश्नाशी जुळणारी आहे. राजाराम महाराजांनी त्या प्रवासात इंग्रजीत दैनंदिनी लिहिली होती आणि ती त्यांच्या निधनानंतर १८७२ साली लंडनमध्ये छापून आली. आपण त्यांच्याविषयी बोलताना थेट समाधीपाशी पोहोचतो. पण त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते आजच्या कोणत्याही विद्यार्थ्यासारखेच परक्या शहरात नव्याने उतरलेले एक वीस वर्षांचे तरुण होते, रोज काय पाहिले ते रात्री लिहून ठेवणारे. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि शहराची जुनी तटबंदी पाडून रुंद रस्ते काढण्याचे काम चालले होते. आजारी अवस्थेत आलेल्या महाराजांच्या दृष्टीस त्यातले फारच थोडे पडले असावे.

म्हणून माझा सल्ला इतकाच की, उत्तरेश्वरच्या लेकीने रोज चार ओळी लिहाव्यात.

आणखी एक अवांतर. तू सिन्योरिया चौकात जाशील तेव्हा तिथल्या कारंज्यात पांढरा धिप्पाड समुद्रदेव उभा दिसेल. त्याच देवाची वीतभरसुद्धा उंची नसलेली, रोमन काळातील ब्राँझची मूर्ती आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडली आणि ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. अर्धे बालपण ज्या बागेत गेले, त्या बागेतल्या इमारतीत तू ती पाहिली होतीस का?

चप्पल_लाइन
तिकडून समुद्रदेव आला, इकडून चप्पल गेली. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशनच्या मंचावर आपली कोल्हापुरी अवतरली, तेव्हा पहिले काही दिवस कोणी कोल्हापूरचे नावही घेतले नव्हते. चामड्याच्या कामासाठी फ्लोरेन्स प्रसिद्ध आहे असे ऐकतो. मुलीने तिथल्या कारागिरांचे हात पाहावेत आणि इकडच्या कारागिरांना कळवावे, एवढीच विनंती.

मिलानोतला_मंगळवारपेठी
'कागद आधी' यांच्या बाजूने एक मुद्दा मलाच सापडला आहे, तो प्रामाणिकपणे नोंदवतो. तिथल्या सरकारी संग्रहालयांत युरोपीय विद्यापीठांत वास्तुकला शिकणाऱ्यांना विनामूल्य प्रवेश मिळतो. तेव्हा विद्यापीठाच्या नावनोंदणीचा कागद आधी हातात घे आणि उफीझी या चित्रसंग्रहालयाच्या तिकीटखिडकीवर दाखव. तो मिळेपर्यंत महिन्याचा पहिला रविवार साध, त्या दिवशी सरकारी संग्रहालये सर्वांनाच खुली असतात. रांग मात्र जोतिबाच्या चैत्र यात्रेसारखी असते.

कागद_आधी
हे मी छापून भिंतीवर लावणार आहे.

उत्तरेश्वरची_लेक
सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला पाच दिवस लागले, कारण या वेळी सांगण्यासारखे काही जमेपर्यंत थांबले होते.

गुरुवारी टपाली काकांच्या सांगण्याप्रमाणे नदीपलीकडचे टपाल कार्यालय निवडले. मुद्रांक तंबाखूच्या दुकानातून आधीच घेतला होता आणि छायाप्रतीही काढल्या होत्या. रांगेत माझ्या मागे पेरूचा एक मुलगा होता, त्याच्याकडे मुद्रांक नव्हता. मी त्याला पांढऱ्या 'टी'ची पाटी दाखवली. शहरात येऊन आठ दिवस झाले नव्हते आणि मी कुणाला तरी वाट सांगत होते. अर्ज घेतला गेला आणि पोलीस कार्यालयाची तारीख छापलेली पावती मिळाली.

परतताना सांता क्रोचेच्या बाजूने आले. पुराच्या पाट्या सापडल्या. @पंचगंगा_त्रेचाळीस_फूट, मी एका पाटीखाली उभी राहून हात पूर्ण वर केला, तरी बोटे तिच्यापासून खूपच खाली राहिली. तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येत नाही. पण तुमच्या जिन्यावरच्या डागाचे मोजमाप घेऊन ठेवा, जमिनीपासून आणि बंधाऱ्याच्या पातळीशी ताडून. मी सुट्टीत आले की त्याचा रीतसर आराखडा काढू. रंग देऊ नका.

शनिवारी सकाळी काशिनेला गेले, सोबत राहणारी मुलगीही आली. ट्रामने उद्यानाच्या अलीकडच्या टोकाला उतरून पुढे नदीकाठाने चालत गेलो, तासाभराची वाट होती. शेवटी शेवटी झाडी विरळ होते आणि समोर तारांनी पेललेला मोठा पूल दिसतो, त्यावरून गाड्यांचा सतत आवाज येत असतो. त्या पुलाचे नावच 'भारतीयाचा पूल' आहे. वाटेत एका सायकलवाल्या आजोबांना विचारले, तर त्यांनी 'इंडियानो' म्हणत लगेच दिशा दाखवली. तो इंडियानो कोण होता असे विचारल्यावर मात्र त्यांनी खांदे उडवले आणि म्हणाले, कोणीतरी राजपुत्र. मी त्यांना फोनवर कोल्हापूरचा नकाशा काढून दाखवला. त्यांनी पंचगंगेवर बोट ठेवून विचारले, नदी आहे का? मी हो म्हटले.

छत्री पाहताच पहिल्यांदा मनात आले ते हे की अशी वस्तू इथे असायला नको, ती आपल्याकडच्या घाटावर असायला हवी. नंतर जवळ जाऊन पाहू लागले. फेट्याखालचा चेहरा अगदी कोवळा आहे. मी तेवीस वर्षांची आहे, म्हणजे त्यांच्यापेक्षा मोठी. हे कोल्हापुरात असताना कधी ध्यानात आले नव्हते, कारण आपण 'महाराज' म्हटले की मनात वडीलधारा माणूस उभा राहतो.

कुंकू मी वाहिले नाही. दगडाच्या रंध्रांत गेलेला रंग निघत नाही, हे ज्या विषयात शिकायला आले आहे त्याच विषयाचे पहिले पान आहे. डबी उघडून समोर धरली, नमस्कार केला, आठव्या गल्लीचा नमस्कार सांगितला आणि डबी परत बॅगेत ठेवली. आजोबांना तिथूनच फोन लावून चित्र दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पाणी कुठल्या बाजूने येतंय ते दाखव." मी दोन्ही नद्या दाखवल्या. मुन्योने अगदी लहान आहे, उन्हाळ्यातल्या ओढ्याएवढी. कुंकू का वाहिले नाही, यावरून त्यांनी नंतर मला रागावून घेतले.

@ब्रह्मपुरी_टेकडी सर, रविवारी सिन्योरिया चौकात तो पांढरा समुद्रदेव पाहिला. टाउन हॉलमधली मूर्ती मी कधीच पाहिलेली नाही, बागेत खेळले, पण इमारत पाहिली ती फक्त बाहेरून. दिवाळीनंतर धाकटा भाऊ जाऊन तिचे छायाचित्र पाठवणार आहे. डोमवर अजून चढलेले नाही, ४६३ पायऱ्या आहेत. चार ओळी रोज लिहिते आहे.

@रस्सा_वाढा काका, चटणी संपत आली आहे.

रस्सा_वाढा
पत्ता पाठव. आकडा लाल की निळा तेही लिही.

जुना_टपाली
पावतीची छायाप्रत काढलीस का?